तलावाच्या काठाखालची तार



उन्हाळ्यातील एका दुपारचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. पोहण्याच्या तलावातून एक मुलगा बाहेर येत आहे. त्याचा एक पाय अजून पाण्यात आहे, दुसरा काठावरच्या ओल्या काँक्रीटवर टेकला आहे आणि हात पोलादी शिडीच्या दांडीवर आहे. सारे अंग निथळते आहे. पाणी, काँक्रीट आणि पोलाद या तिन्ही गोष्टींना तो एकाच क्षणी स्पर्श करीत आहे. या तिन्हींचा विद्युत् विभव एकच असेल, तर त्या मुलाला काहीही होणार नाही. त्यांच्यात फरक असेल, तर त्या फरकामुळे वाहणाऱ्या प्रवाहाला त्या मुलाच्या शरीरातून वाट मिळेल. आजचे व्याख्यान या फरकाविषयी आहे, आणि तो नाहीसा करण्यासाठी काठाखाली पुरलेल्या एका तांब्याच्या तारेविषयी आहे.

विभव हा शब्द शास्त्रीय असला, तरी त्यामागील कल्पना अवघड नाही. दोन टाक्या नळीने जोडल्या आणि दोन्हींतील पाण्याची पातळी सारखी असली, तर नळीतून पाणी वाहत नाही. टाक्या जमिनीवर आहेत की गच्चीवर, याला येथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते पातळ्यांतील अंतराला. विजेचेही असेच आहे. विजेच्या उघड्या तारेवर कोतवाल पक्षी निर्धास्तपणे बसलेला आपण पाहतो. त्या तारेचा विभव जमिनीच्या तुलनेने हजारो व्होल्ट असू शकतो. परंतु पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असल्यामुळे त्याच्या दोन पायांमध्ये विभवांतर जवळजवळ नसते. मनुष्याला इजा होते ती विभवामुळे नव्हे, तर विभवांतरामुळे, हे सूत्र ध्यानी धरले की पुढील सर्व विवेचन सोपे होते.

हे सूत्र नवे नाही. १८३६ साली मायकेल फॅरेडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी, रुंदी व उंची असलेली एक खोली उभारली. लाकडी सांगाड्यावर तारा, कागद आणि धातूचा पत्रा लावून ती विद्युत्‌वाहक केलेली होती आणि जमिनीपासून ती विलग ठेवलेली होती. मोठ्या विद्युत् यंत्राने तिला इतकी विद्युत् देण्यात आली की, बाहेरच्या अंगाने ठिणग्या उडू लागल्या. फॅरेडे स्वतः आत होता. त्याच्याजवळची नाजूक उपकरणेही काहीच दाखवीत नव्हती. पुढे १८७६ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने इमारतींच्या तडित्-संरक्षणावर विचार मांडताना हेच तत्त्व पुढे नेले. दारूगोळ्याची इमारत सर्व बाजूंनी धातूच्या वाहकाने वेढली, तर आतील माणसांसाठी तिचा जमिनीशी संपर्क असणे आवश्यक नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र त्याने एक अट घातली. बाहेरून एखादा धातूचा नळ किंवा तार आत येत असेल, तर ती त्या वेष्टनाला जोडलीच पाहिजे. कारण बाहेरचा निराळा विभव ती आपल्याबरोबर आत घेऊन येते. पोहण्याच्या तलावाचा सारा प्रश्न मॅक्सवेलच्या या अटीत सामावलेला आहे.

विभवांतर किती असले म्हणजे ते घातक ठरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांचे कार्य मोलाचे ठरले. हातात धरलेली विद्युत्‌भारित वस्तू मनुष्य स्वतःच्या इच्छेने कोणत्या प्रवाहापर्यंत सोडू शकतो, याचे मापन त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांवर व २८ स्त्रियांवर केले. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरीने १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांच्या बाबतीत १०.५ मिलिअँपिअर आढळली. यापलीकडे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. विजेचा नुसता स्पर्श जाणवण्यास मात्र एक मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो.

आता कोरडा मनुष्य आणि भिजलेला मनुष्य यांतील अंतर पाहावे. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळदा हजारो ओहम असतो आणि तोच शरीराचे मुख्य संरक्षण करतो. पाण्यात भिजलेल्या व बुडालेल्या अंगाच्या बाबतीत हे कवच गळून पडते आणि शरीराचा रोध पाचशे ओहमच्या घरात येऊ शकतो. पाचशे ओहम रोधावर एका व्होल्टचे विभवांतर आले, तर दोन मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पाच व्होल्ट असले, तर दहा मिलिअँपिअर. घरातील कोरड्या फरशीवर ज्या पाच व्होल्टची दखलही कोणी घेणार नाही, तेच तलावात स्नायू आखडण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचतात. शिवाय जमिनीवरील मनुष्याचे स्नायू क्षणभर आखडले, तर तो फार तर खाली पडतो. पाण्यातील मनुष्य बुडतो. हृदयक्रिया बंद पाडण्याइतका प्रवाह त्यासाठी लागत नाही, आणि शरीरावर भाजल्याची एखादी खूण राहीलच असेही नाही.

हे विभवांतर तलावात येते तरी कोठून? त्याचे दोन उगम आहेत आणि ते वेगवेगळे ओळखणे अत्यंत आवश्यक आहे.

पहिला उगम सर्वांच्या परिचयाचा आहे. पाण्याखालील दिव्याचे वेष्टन झिजते, पंपाच्या मोटारीतील विद्युत्‌रोधक आवरण निकामी होते, आणि मंडलातील प्रवाह भलत्या वाटेने गळू लागतो. यावर उपाय म्हणून डॅल्झिएल यांनीच गळती ओळखणारा एक स्विच तयार केला. त्याचे पेटंट त्यांना १९६५ साली मिळाले. भारतात याच जातीचे स्विच इएलसीबी किंवा आरसीसीबी या आद्याक्षरांनी ओळखले जातात. मंडलात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची हा स्विच सतत तुलना करतो. त्यांत ठराविक मर्यादेहून अधिक तफावत पडली की तो क्षणार्धात मंडल तोडतो. अमेरिकेत माणसांच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा स्विचची मर्यादा चार ते सहा मिलिअँपिअर आहे. तेथील राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या १९६८ च्या आवृत्तीत या स्विचची प्रथम सक्ती झाली, तीही पोहण्याच्या तलावातील पाण्याखालील दिव्यांसाठी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

दुसरा उगम अधिक फसवा आहे, कारण तेथे कोणतेही उपकरण बिघडलेले नसते. अमेरिकेतील विद्युत् वितरणाची पद्धत येथे समजून घेतली पाहिजे. तेथे उच्च दाबाच्या वाहिनीची न्यूट्रल तार ठिकठिकाणी जमिनीत उतरवलेली असते आणि रोहित्रापाशी ती घराकडे जाणाऱ्या न्यूट्रलशी जोडलेली असते. घराच्या मुख्य फलकापाशी हीच न्यूट्रल उपकरणांच्या अर्थिंगच्या तारेशी जोडलेली असते. न्यूट्रलमधून परतीचा प्रवाह वाहतो, आणि तारेला थोडा का होईना रोध असतोच. समजा, पन्नास अँपिअर प्रवाह एक-विसांश ओहम रोधातून परतत आहे; तर त्या न्यूट्रलवर दूरच्या जमिनीच्या तुलनेने अडीच व्होल्टचा विभव दिसेल. हा अडीच व्होल्टचा विभव अर्थिंगच्या तारेने पंपाच्या धातूच्या कवचापर्यंत येतो आणि पंपातून क्लोरीनयुक्त, म्हणजे बऱ्यापैकी विद्युत्‌वाहक, पाण्यात उतरतो. काठाचे ओले काँक्रीट मात्र जमिनीवर टेकलेले असल्यामुळे जमिनीच्याच विभवाजवळ राहते. पाणी अडीच व्होल्टवर आणि काठ शून्याजवळ, अशी स्थिती निर्माण होते; आणि या दोहोंमध्ये तो निथळणारा मुलगा उभा असतो.

येथे गळती ओळखणारा स्विच काहीच करू शकत नाही. पंपाच्या मंडलात गेलेला व आलेला प्रवाह सारखाच असल्यामुळे त्याच्या लेखी सारे सुरळीत असते. एवढेच नव्हे, तर घराचा मुख्य स्विच बंद केला तरी हा विभव जात नाही. कारण मुख्य स्विच न्यूट्रल तोडत नाही, आणि शेजारच्या घरांचा परतीचा प्रवाह वाहिनीच्या न्यूट्रलमधून वाहतच असतो. सगळे दिवे मालवले, पंप थांबला, तरीही पाण्यातून हात काढून काठावर ठेवताच मुंग्या येतात, असा अनुभव आला की घरमालक चक्रावून जातो. एरवी अशा मुंग्या केवळ त्रासदायक असतात, हे खरे. परंतु न्यूट्रलचा एखादा सांधा सैल झाला किंवा ती तार तुटली, तर काही व्होल्टचे कित्येक व्होल्ट होण्यास वेळ लागत नाही.

अशा वेळी पहिली सूचना बहुधा एकच येते: तलावाजवळ आणखी एक अर्थिंगचा रॉड ठोकावा. ‘वीज जमिनीत जाते’ ही आपली जुनी समजूत या सूचनेच्या मुळाशी आहे. वस्तुतः एका रॉडभोवतीच्या मातीचा रोध पुष्कळदा कित्येक ओहम, क्वचित शेकडो ओहमही असतो. एक-विसांश ओहमच्या न्यूट्रलवरील विभव अशा रॉडने खाली येणे जवळजवळ अशक्य आहे. पृथ्वी म्हणजे विजेचा सर्व दोष पोटात घेणारी विहीर नव्हे. प्रवाह आपल्या उगमाकडे परतू पाहतो आणि त्यासाठी मिळेल त्या सर्व वाटांनी तो वाटला जातो. माती ही त्यांतील एक वाट, आणि तीही बिकट.

म्हणून उपाय दुसऱ्या दिशेने शोधावा लागतो. पाण्याचा विभव शून्यावर आणता येत नसेल, तर काठाचा विभव पाण्याइतका करता येतो. यालाच समविभव जोडणी म्हणतात. कारागिरांच्या बोलीत नुसते ‘बाँडिंग’. अर्थिंग आणि बाँडिंग या दोन गोष्टी एकच नव्हेत. अर्थिंगची तार दोष निर्माण होताच मोठा प्रवाह परत नेऊन स्विच पाडण्यासाठी असते. बाँडिंगची तार असते ती मनुष्याच्या हाताला व पायाला लागणाऱ्या सर्व वस्तू एकाच पातळीवर ठेवण्यासाठी. भरती आली की होडी वर चढते, पण होडीतील सगळी माणसे एकदमच वर चढत असल्यामुळे त्यांपैकी कोणाचाही तोल जात नाही. तसेच हे आहे. यामुळेच अमेरिकी संहितेच्या ६८०.२६ या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, ही तार दूरच्या वितरण फलकापर्यंत किंवा जमिनीतील रॉडपर्यंत नेण्याची आवश्यकता नाही. तिचे काम तलावापाशीच सुरू होते आणि तेथेच संपते.

या कलमात कोणकोणत्या गोष्टी एकमेकींना जोडण्यास सांगितले आहे, हे पाहण्यासारखे आहे. तलावाच्या काँक्रीटमधील लोखंडी सळ्या. पाण्याखालील दिव्यांची धातूची कवचे. शिड्या व कठडे यांच्या धातूच्या बैठका. पंप व इतर विद्युत् उपकरणे. तलावाच्या कडेपासून आडव्या अंतरात दीड मीटरच्या आत असलेल्या सर्व अचल धातूच्या वस्तू. प्लॅस्टिकच्या वा काचतंतूंच्या तलावात पाण्याला कोठेच धातूचा स्पर्श होत नसेल, तर खुद्द पाण्यालाही निदान नऊ चौरस इंच क्षेत्रफळाच्या वाहक पृष्ठभागाने या जोडणीत सामील करून घ्यावे लागते. हे सारे जोडणारी तार एकसंध तांब्याची, आठ गेजची किंवा त्याहून जाड असावी लागते. या तारेचा व्यास साधारण सव्वातीन मिलिमीटर असतो. सांधे वितळजोडाने किंवा पितळ, तांबे, स्टेनलेस पोलाद यांच्या विशिष्ट चापांनीच करावे लागतात. क्लोरीनचे पाणी आणि ओली माती यांत साधा चाप फार काळ तग धरीत नाही.

उरतो तो काठ, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण काँक्रीट हे विद्युत्‌वाहक असते हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कोरडे काँक्रीट वाईट वाहक असेल; ओले काँक्रीट अनवाणी पायाखाली पुरेसे चांगले वाहक ठरते. म्हणून पाण्याच्या आतल्या भिंतीपासून बाहेर तीन फुटांपर्यंतचा, म्हणजे सुमारे एक मीटर रुंदीचा, पट्टा या जोडणीत घ्यावा लागतो. पाण्यात असलेला किंवा पाण्यातून निघणारा मनुष्य हातपाय पसरून साधारणपणे एवढ्याच अंतरापर्यंत पोहोचू शकतो, हे त्या एका मीटरमागील तर्कशास्त्र आहे. काठाच्या काँक्रीटमध्ये सळ्यांची जाळी असेल, तर ती तलावाच्या सळ्यांना निदान चार ठिकाणी, सारख्या अंतरावर जोडावी लागते. सळ्यांना विद्युत्‌रोधक लेप दिलेला असेल, तर त्या या कामी निरुपयोगी ठरतात आणि तांब्याची व्यवस्था निराळी करावी लागते.

ही तांब्याची व्यवस्था कशी असावी, याविषयी अभियंत्यांमध्ये बराच वाद झालेला आहे. एक पद्धत अशी की, काठाखाली एक-एक फुटाच्या चौकोनांची तांब्याची जाळी अंथरावी. २००८ च्या आवृत्तीत अधिक स्वस्त पर्यायही मान्य झाला: तलावाच्या भिंतीपासून अठरा ते चोवीस इंचांवर, फरसबंदीच्या थराखाली चार ते सहा इंच खोल, एकच तार सभोवार कड्यासारखी फिरवावी. जाळीच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप सरळ आहे. एकेरी तारेच्या नेमक्या वर काठाचा विभव तारेइतका असतो. पण तारेपासून दूर जावे तसा तो कमी होत जातो. जाळीत कोणताही पाय तारेपासून अर्ध्या फुटाहून दूर पडूच शकत नाही. एकेरी तारेचे पुरस्कर्ते खर्चाकडे बोट दाखवतात, आणि काहीच नसण्यापेक्षा एक तार फार बरी, असे म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु नव्या तलावाचे काँक्रीट अद्याप पडलेले नसताना जाळीचा जादा खर्च आणि पुढे फरसबंदी फोडण्याचा खर्च यांची तुलना प्रत्येक मालकाने स्वतः करावी.

या तत्त्वाचा आणखी एक पुरावा गोठ्यांतून मिळाला आहे. अमेरिकेतील दुग्धशाळांत काही गायी पाण्याच्या धातूच्या कुंडाला तोंड लावण्यास बिचकतात, दूध काढताना अस्वस्थ होतात, असे दिसून आले. आणि अशा काही ठिकाणी तपास केला असता कुंड व ओली जमीन यांच्यामध्ये थोड्या व्होल्टचे विभवांतर आढळले. येथेही मूळ बहुधा न्यूट्रलमध्येच होते. गायीची नाकपुडी ओली, चार खूर ओल्या काँक्रीटवर, आणि सांगायला वाचा नाही. या विषयावर अमेरिकी कृषी खात्याने १९९१ साली एक हस्तपुस्तिकाच प्रसिद्ध केली, आणि गोठ्याच्या फरशीखाली समविभव जाळी घालण्याचे नियम विद्युत् संहितेत आले. भारतीय वाचकाला यातील तत्त्व अपरिचित नाही. पावसाळ्यात विद्युत्‌भारित झालेल्या खांबाजवळून जाणारे जनावर जागीच कोसळते आणि शेजारून गेलेला मनुष्य वाचतो, याचे एक कारण असे की, जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असते, आणि त्या अंतराबरोबर जमिनीवरील विभवांतरही वाढते.

काठाखालची तार आहे की नाही, हे पोहणाऱ्याला पाहून समजत नाही. म्हणून सामान्य माणसाने काही गोष्टी मनात पक्क्या कराव्यात. पाण्यात किंवा काठावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो भास समजू नये. धातूच्या शिडीला स्पर्श न करता पाण्याबाहेर यावे, इतरांनाही सावध करावे, आणि तपासणी होईपर्यंत तलाव बंद ठेवावा. पाण्यात कोणी निश्चेष्ट दिसला, तर त्याच्यामागे उडी घेण्याचा मोह आवरावा. आधी वीज तोडावी आणि कोरड्या, विद्युत्‌रोधक काठीने वा दोराने त्याला ओढून घ्यावे. वीज तोडूनही मुंग्या थांबल्या नाहीत, तर दोष घराबाहेरचा असू शकतो, हे लक्षात घेऊन वीजपुरवठा करणाऱ्यांना बोलवावे.

आणि जो तलाव बांधतो, त्याने एक हिशेब करावा. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तलावाभोवती अर्ध्या मीटरवरून एक तार फिरवली, तर ती चौतीस मीटर भरते. तिच्यात तांबे लागते सुमारे अडीच किलो. ती अंथरण्याची वेळ एकदाच येते: खडी दाबून झाली आहे आणि काँक्रीट अजून आलेले नाही, ती वेळ. त्यानंतर तिच्यावर काँक्रीट पडते, फरशी बसते, आणि तिचा सांधा नीट होता की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी निघून जाते. म्हणून तपासनिसाने काँक्रीट पडण्यापूर्वी येऊन पाहावे, असा आग्रह धरला जातो. तो कागदी सोपस्कार नव्हे. भारतातही राष्ट्रीय विद्युत् संहिता १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०११ व २०२३ साली निघाल्या. परंतु कोणत्याही देशाची संहिता आपण होऊन तार अंथरीत नाही. ती अंथरतो एक कारागीर, बहुधा घाईत असलेला. आणि ती वगळली तर कित्येक वर्षे कोणाच्याही लक्षात येत नाही.

एके दिवशी मात्र न्यूट्रलचा एखादा सांधा सैल होतो आणि एक मुलगा निथळत्या अंगाने शिडीला हात घालतो. काठाखाली ती तार असेल, तर त्याला काहीही जाणवणार नाही, आणि तो धावत घरी जाईल.